फराळ जातो, पॉवर बँक अडते

चकल्या, अनारसे, चिवडा, लेकीसाठी दोन कुर्ते आणि तळाशी हळूच सरकवलेली पॉवर बँक. दिवाळीआधी मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीहून न्यू जर्सी किंवा लंडनला निघालेलं खोकं कशामुळे अडत असेल, तर बहुतेक वेळा या शेवटच्या वस्तूमुळे. काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘‘यात बॅटरीवालं काही आहे का?’’ त्याला खरं उत्तर द्या. पार्सल सहार विमानतळाच्या कार्गोत एक्स-रेखाली जातं, तेव्हा बॅटरी लपत नाही.

गंमत अशी की फोन जातो, पॉवर बँक अडते. लिथियम दोन्हींत तेच. उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबतच्या बॅटरीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक यूएन ३४८१, सुट्या बॅटरीचा यूएन ३४८०. पॉवर बँक या दुसऱ्या गटात बसते, कारण तिचं कामच बॅटरीचं! सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांहून जास्त चार्ज असून चालत नाहीत. चार्ज कमी, तर आग लागल्यास भडकाही कमी.

एवढी धास्ती का? एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. त्यातून ज्वलनशील वायू सुटतात. विमानाच्या मालकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत पेटलेली ही साखळी त्याला तोडता येत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून उडालेलं यूपीएसचं मालवाहू बोइंग ७४७ आगीमुळे कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या विमानात ८१ हजारांहून जास्त लिथियम बॅटऱ्या होत्या. खोक्यावरच्या प्रत्येक स्टिकरमागे अशी किंमत मोजलेली आहे.

ते स्टिकर एकदा नीट बघा. लाल तिरप्या रेघांची चौकट, आत बॅटऱ्यांचा घोळका, त्यातली एक फुटलेली आणि तिच्यातून निघणारी ज्वाळा. अक्षरओळख नसलेल्या हमालालाही कळावं असं चित्र! उपकरणात बसवलेल्या दोनच बॅटऱ्या असलेल्या छोट्या पार्सलाला नियमाने हे चिन्ह लागत नाही. मात्र कुरियर कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, तेव्हा आधी विचारा.

आता थोडं गणित. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत एमएएच लिहिलेले असतात. त्यांना ३.७ ने गुणा, हजाराने भागा. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर. हाताच्या सामानात १०० पर्यंत सहसा चालतं, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. १६ इंची मॅकबुक प्रोची बॅटरी बरोबर या १०० च्या काठावर बेतलेली आहे.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत मात्र चालत नाही, ती केबिनमध्येच हवी. तिथे धूर निघाला तर कुणाला तरी लगेच दिसतो, विमानाच्या पोटातल्या बॅगेत कोण बघणार? म्हणून लेकीला पॉवर बँक द्यायचीच असेल, तर तिकडे निघालेल्या भाच्याच्या हातातल्या बॅगेत द्या.

तुमच्या फोनच्या बॅटरीचं मॉडेल बाजारात येण्याआधी काय काय सोसून आलंय, माहीत आहे? त्याचे नमुने १५ किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेइतक्या दाबात सहा तास ठेवतात. मग उणे ४० ते ७२ अंशांच्या फेऱ्या, हादरे, धक्के, शॉर्ट सर्किट. प्रवासी विमानं साधारण दहा-बारा किलोमीटरवरून उडतात, म्हणजे चाचणी त्याहून वरची.

आजोबांच्या श्रवणयंत्राचे गोल सेल बहुधा झिंक-एअर असतात, त्यांना हे लिथियमचे नियम लागू नाहीत. चार्जिंगवालं नवं श्रवणयंत्र असेल, तर आत लिथियम आहे हे काउंटरवर सांगा.

आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलेला फोन? तो दुरुस्तीसाठीही विमानाने पाठवता येत नाही. इथेच बॅटरी बदलून घ्या, मग खोक्यात घाला.