सीटी स्कॅन : किती एक्स-रे, हा प्रश्नच अपुरा

मे 2021. कोविडची दुसरी लाट. मुंबईत मरोळच्या सेव्हन हिल्स रुग्णालयापासून सगळीकडे खाटांची मारामार आणि घरोघरी एकच विचारणा, ‘स्कोअर किती आला?’ छातीच्या सीटीवरून 25 पैकी दिला जाणारा हा स्कोअर काढायला सौम्य लक्षणांचे रुग्णही रांगा लावत होते. तेव्हा एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी इशारा दिला, की एक सीटी म्हणजे 300 ते 400 एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने हरकत घेतली. आधुनिक यंत्रावर हे प्रमाण फार तर 5 ते 10 एक्स-रेंचे, असे तिचे म्हणणे. इतकी तफावत आली कुठून? छातीच्या एक्स-रेत साधारण 0.02 ते 0.1 मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो, नेहमीच्या सीटीत 5 ते 7 आणि कमी मात्रेच्या सीटीत एक-दीड. सातला 0.02 ने भागले तर 350 येतात, एकला 0.1 ने भागले तर 10. म्हणजे यंत्र कसे लावले आणि तुलनेला कोणता एक्स-रे धरला, यावर सारे ठरते.

निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, मग काळजी कशाला, असे कुणी म्हणेल. 10 मिलिसिव्हर्टमुळे दोन हजारांत एखादा जास्तीचा कर्करोगमृत्यू संभवतो, हा ढोबळ अंदाज आहे आणि एकट्या रुग्णाच्या दृष्टीने तो धोका छोटाच. पण गरज नसताना हजारोंचे स्कॅन झाले, तर फायदा शून्य आणि धोक्याची मात्र बेरीज होत जाते. लहान मुलांच्या पेशी अधिक नाजूक आणि पुढचे आयुष्यही लांब, म्हणून त्यांच्याबाबत जास्त जपायला हवे. उलट, डोक्याला मार लागलेल्याने किंवा पक्षाघाताची शंका असलेल्याने किरणांच्या भीतीने सीटी टाळणे जिवावर बेतू शकते. मुंबईतल्या अणुशक्तीनगरचे अणुऊर्जा नियामक मंडळ सीटी यंत्राला परवाना देते, त्यावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा घालते. रुग्णाला मात्र अशी मर्यादा नाही. कारण तशी मर्यादा आड आली, तर गरजेचा स्कॅनही अडेल. त्यामुळे स्कॅन लिहून देणाऱ्या डॉक्टरची जबाबदारी वाढते.

तपासणीच्या नोंदीत ‘डीएलपी’ नावाचा आकडा असतो. प्रौढाच्या छातीसाठी त्याला 0.014 ने गुणले की अंदाजे मिलिसिव्हर्ट कळतात. 350 असेल तर सुमारे 5. तो जरूर पाहा, पण त्याआधी डॉक्टरांना विचारा : या स्कॅनने माझे उपचार बदलणार आहेत का? सोनोग्राफीने भागेल का? आणि जुने रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे तोच स्कॅन पुन्हा काढावा लागणार नाही.