सुटलेला खर्रा पुन्हा तोंडात आला, तर?

राखेच्या बुधवारी तंबाखू सोडण्याचा संकल्प करणारे आपल्यात पुष्कळ असतात. दहा-बारा दिवस बरे जातात. मग हरभऱ्याच्या सोंगणीत दुपारच्या विसाव्याला कोणी पुडी पुढे करतो आणि हात नकळत तिच्याकडे जातो. आम्हांस चिंता वाटते ती त्या एका चिमटीपेक्षा नंतरच्या विचाराची. ‘संकल्प तर मोडलाच, आता पुढच्या वर्षी पाहू,’ असे म्हणून मनुष्य पूर्वीपेक्षा अधिक खाऊ लागतो, आणि पापनिवेदनालाही यायचे टाळतो.

वाशीम, कारंजा, रिसोडकडे खर्रा कोणाला समजावून सांगावयास नको. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली; तथापि सुपारी, तंबाखू व चुना डोळ्यांदेखत घोटून देणाऱ्या टपऱ्यांचे काय? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरीत असल्याचे आढळले होते.

निकोटिनची सवय मेंदूला जडलेली असते. ते बंद होताच चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. पहिले काही दिवस हा त्रास सर्वांत तीव्र असतो, आणि बहुतेकांना अनेक प्रयत्नांनंतरच मुक्ती मिळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी एकदा घसरणे आणि पूर्ववत व्यसनात परतणे यांत स्पष्ट भेद केला. त्यांच्या मते, घसरल्यावर मनुष्य स्वतःला नालायक ठरवितो, आणि ही भावनाच त्याला पहिल्याकडून दुसऱ्याकडे ढकलते.

ख्रिस्तसभेला हे नवे नाही. लोयोलाच्या संत इग्नेशियस यांच्या, १५४८ साली छापल्या गेलेल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात एकाच दोषावर लक्ष ठेवण्याची पद्धत दिली आहे. सकाळी उठताच त्या दोषापासून सावध राहण्याचा निश्चय करावा. दुपारी व रात्री जेवणानंतर हिशेब घ्यावा आणि जितक्या वेळा पतन झाले तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर मांडावेत. मग आजची रेघ कालच्या रेघेशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहावा. घसरण्याच्या क्षणी छातीवर हात ठेवून पश्चात्ताप करावा. हे चारचौघांत, कोणाच्या लक्षात न येताही करता येते. येथे पतन गृहीतच धरले आहे, मात्र ते मोजल्यावाचून सोडलेले नाही. ‘एकाने काय होते’ म्हणणाऱ्याला ही वही मुळीच सोयीची नाही!

खर्रा सोडणाऱ्याने ठिपक्याशेजारी जागाही लिहावी: टपरी, बसस्थानक, पंगत. आठवडाभरात आपली निसरडी जागा कोणती ते कळते, आणि मग वाट बदलता येते. घरच्यांनी त्या वहीवरून टोमणे मारू नयेत.

तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर येणे ही मुक्ती नव्हे. सुपारीही कर्करोगकारक आहे. तिच्यामुळे तोंडाचे आतले आवरण ताठर होते. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नसतील, तर उपवासकाळ संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. सोडताना मदत हवी असल्यास शासनाचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. दुसऱ्यांदा, पाचव्यांदा प्रयत्न करणाऱ्यांनीही तेथे अवश्य बोलावे.