थंड नळाचे गरम पाणी आणि आपले सुती कपडे

मंडळी, देऱ्यात उन्हाळा काढलेल्यांना एक गंमत सांगायला नको. जून ते सप्टेंबर गिझर बंद ठेवायचा आणि आंघोळीला गार पाणी हवे असेल तर गरम पाण्याचा नळ सोडायचा! गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेले पाणी थेट 'थंड' नळाला येते. बंद गिझरमधले पाणी मात्र घरातल्या एसीत निवत राहते. आंघोळीच्या वेळी हे माझ्या लक्षात असते; कपडे धुताना राहिले नाही.

गेल्या जुलैत मी नवी लाल सोलापुरी चादर, मुलाचे शाळेचे पांढरे शर्ट आणि आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी एकत्र मशीनमध्ये टाकली. बटण 'कोल्ड'वर ठेवले. तासाभराने शर्ट गुलाबी, गोधडीवर डाग, शिवाय नवे अस्तर आकसून तिचे टाके सुटलेले. सौ. काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. चूक शोधणे हा रोजचा धंदा. 'कोल्ड' म्हटले की मशीन पाणी तापवत नाही, एवढेच. ते गार करून देत नाही. सुताचे कापड मागावर ताणून विणलेले असते. पाणी, उष्णता आणि घुसळण मिळाली की तो ताण सुटतो आणि कापड आकसते. कच्चा रंगही गरम पाण्यात लवकर सुटतो. दोष चादरीचा नव्हता, माझा होता.

तेव्हापासून आमच्या घरी पाळले जाणारे नियम असे :

१. नवे रंगीत कापड वेगळे धुवा. आधी पांढरा ओला रुमाल काठावर घासून पाहा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होईल यावर विसंबू नका.

२. उन्हाळ्यात मशीन पहाटे लावा. हातमागाची साडी, खण, गोधडी यांसाठी बंद गिझरचे पाणी बादलीत घ्या.

३. रंग लागलाच तर कपडा वाळू देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. लगेच गार पाण्यात पुन्हा भिजवा.

४. पलंगपोस आणि उशांचे अभ्रे मात्र ६० अंशांवर धुवा. धुळीतले सूक्ष्म किडे त्याने मरतात. घरात दमा किंवा ॲलर्जी असेल तर हे अवश्य करा.

५. टॉवेलला सॉफ्टनर नको. त्याचा थर बसला की टॉवेल पाणी टिपत नाही.

६. ब्लीच कधीही व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आता पावडरीविषयी. बोअरच्या जड पाण्याला फेस येत नाही, म्हणून मूठभर जास्त पावडर टाकण्याची आपली सवय. दुबईचे पाणी मुख्यतः जेबेल अलीला समुद्राचे पाणी गोडे करून मिळते. त्यात बोअरच्या पाण्यापेक्षा क्षार पुष्कळ कमी. जादा पावडर नीट निघत नाही, कापडात राहते, आणि घामाबरोबर त्वचेला चावते. मुलाच्या मानेवरचे पुरळ आम्ही घामोळे समजत होतो. डॉक्टरांनी पावडर किती घालता ते विचारले. आम्ही ती निम्म्यावर आणली, एक खळबळणे वाढवले, आणि पंधरा दिवसांत मान साफ झाली. त्या जादा पाण्याचे देवाच्या बिलात काही फिल्स वाढतात. वाचलेली पावडर आणि मलम त्याहून महाग.

वाळत घालताना रस्त्यावरून दिसेल अशी बाल्कनी टाळा, महापालिकेचा दंड बसू शकतो. घरात स्टँडवर, पंख्याखाली वाळवा. खाडीकडची दमट हवा असताना कपडे ओलसर राहिले तर कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते सहसा जात नाहीत.

गोधडीचे टाके मी स्वतः घातले, वाकडेतिकडे का होईना. गुलाबी डाग तसाच आहे. मुलगा अजून तीच पांघरतो. कुणाकडे आजीच्या काळची एखादी युक्ती असेल तर जरूर कळवा.