‘परवा’ म्हणजे नेमके केव्हा?

कामांची यादी ठेवण्याची सोय आता मोबाइलमध्येच आली आहे. चिठोऱ्यावर किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहिली जाणारी कामे पडद्यावर लिहिली जातात. घरातील मंडळी वा गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते एकच यादी आपापल्या फोनवर पाहू शकतात. सोय मोठी आहे. तथापि काम वेळेवर होणे हे यंत्राइतकेच लिहिणाऱ्याच्या शब्दांवरही अवलंबून असते, आणि म्हणूनच भाषेच्या या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

आपला ‘परवा’ हा शब्दच घ्या. तो होऊन गेलेल्या दिवसाला लागतो तसाच येणाऱ्या दिवसालाही लागतो. बोलताना ‘आला’ की ‘येईल’ यावरून उलगडा होतो. यादीत ‘परवा बँक’ एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याने काय समजावे? कन्नडमध्ये मागच्या परवाला ‘मोन्ने’ आणि पुढच्या परवाला ‘नाडिद्दु’ असे दोन शब्द आहेत. मराठीत ती सोय नाही. ‘उद्या’ तर रात्र उलटली की एक दिवस पुढे सरकतो. यास्तव यादीत नेहमी तारीखच घालावी.

दुसरी अडचण क्रियापदाची. मराठीत ते वाक्याच्या शेवटी येते. अरुंद पडद्यावर लांब ओळ पुष्कळदा मध्येच तुटते आणि नेमके क्रियापदच दिसेनासे होते. ‘मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत...’ ही प्रत काढायची, आणायची की नेऊन द्यायची? प्रवेशाची मुदत अशा अर्धवट ओळीसाठी थांबत नाही. ‘दाखल्याची प्रत कॉलेजात देणे’ एवढे पुरे. बाकीचा तपशील खाली टिपणात लिहावा.

आता लेबलांविषयी. लेबल म्हणजे कामाला लावलेली खूणचिठ्ठी. ‘महत्त्वाचे’, ‘इतर’, ‘नंतर’ अशी लेबले पुष्कळजण लावतात. चार दिवसांत सगळीच कामे ‘महत्त्वाचे’ होतात आणि त्या शब्दाला अर्थ उरत नाही. डेव्हिड ॲलन यांच्या 2001 साली निघालेल्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकाने एक व्यवहारी तोड सुचविली आहे. काम कोठे आणि कशाने होणार, यावरून त्याचा गट ठरवावा. ‘फोन’, ‘बाजार’, ‘बँक’, ‘कचेरी’, ‘घर’ अशी पाच-सहा लेबले एका कुटुंबाला पुरतात. बाजारात उभे असताना ‘बाजार’ उघडले की तेथली सगळी कामे समोर येतात.

मात्र एका गोष्टीला एकच नाव हवे. आमच्या भागात एकाच घरात कोणी ‘लाईट बिल’ म्हणतो, कोणी ‘वीजबिल’, तर कोणी ‘हेस्कॉम’. बोलण्यात कोणाचे अडत नाही. पण यंत्राला ही तीन वेगळी कामे वाटतात. एवढेच नव्हे, ‘बँक’ आणि ‘बॅंक’ ही डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरेही संगणकाच्या लेखी भिन्न असतात. एकाने देवनागरीत आणि दुसऱ्याने इंग्रजी लिपीत लिहिले, तर शोध घेताना अर्धी कामे हाती लागत नाहीत. नाव कोणते हे घरात एकदा ठरवावे आणि मग सर्वांनी तेच पाळावे.

राहता राहिला ‘व्ह्यू’. हा शब्द नवा असला तरी कल्पना आपल्या पेढ्यांना परकी नाही. रोजकीर्दीत नोंदी तारखेवार असतात. त्याच नोंदी खतावणीत खातेवार लागतात. व्यवहार तोच, पाहण्याच्या रीती दोन. ‘टूडूइस्ट’मधील ‘टुडे’ आणि ‘अपकमिंग’ ही झाली रोजकीर्द. लेबलावर टिचकी मारून निघणारी यादी ही खतावणी. सकाळी कीर्द पाहावी, घराबाहेर पडताना खतावणी. मायक्रोसॉफ्टच्या ‘टू डू’मध्ये ‘माय डे’ हे पान रोज रात्री कोरे होते. आजच्या दिवसात काय बसेल ते सकाळी पुन्हा निवडावे लागते. शिळी कामे डोळ्यांसमोर साचत नाहीत, हा त्याचा गुण.

तारीख हवी तेथे तारीख, खाते हवे तेथे खाते, आणि काम सांगणारे क्रियापद डोळ्यांना दिसेल असे. एवढे पथ्य पाळले तर कोणतेही यंत्र चालेल. सीमाभागात आपण मराठीच्या रक्षणाविषयी पुष्कळ बोलतो. भाषणात आणि पाटीवर ती असावीच. परंतु गॅस, फी, औषधे आणि दाखले यांची रोजची यादी जेव्हा आपण सर्वांना कळेल अशा नेटक्या मराठीत लिहू, तेव्हा ती मुलांच्याही हाताला लागेल. कामाला येणारी भाषा टिकवा म्हणून कोणाला सांगावे लागत नाही.