शेवटचा शत्रू इतका वेगवान का?

१९७८ साली जपानमधील ताइतो या कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा नाणे टाकून खेळायचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. पडद्याच्या वरच्या भागात परग्रहवासीयांच्या ५ रांगा, प्रत्येक रांगेत ११, म्हणजे एकूण ५५ शत्रू. ही पलटण आडवी सरकत पडद्याच्या कडेला पोचते, थोडी खाली उतरते आणि उलट दिशेने निघते. खाली चार ढालींच्या आड खेळाडूची तोफ असते. सुरुवातीला पलटण अगदी संथ असते. शत्रू मरत जातात तसे उरलेल्यांचे पाय उचलले जातात आणि शेवटचा एकटा शत्रू तर पडद्यावर नुसता धावत सुटतो. खेळाची सारी रंगत या वाढत्या वेगात आहे.

या खेळाच्या नव्या आवृत्त्या अनेक निघाल्या. खेळाला ३० वर्षे झाली तेव्हा, २००८ साली, हातात धरून खेळायच्या यंत्रांसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स एक्स्ट्रीम’ आली. रंगांची उधळण, नवे संगीत, नवी शस्त्रे; शत्रूंच्या ठिपक्याठिपक्यांच्या आकृत्या मात्र जुन्याच ठेवल्या. प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलेही सरावासाठी हा खेळ स्वतः लिहून पाहतात. ५५ शत्रू काढायचे, सगळ्यांना एकदम दोन ठिपके सरकवायचे, कडेला आले की दिशा उलटवायची. काम सोपे वाटते. पण असा खेळ चालवून पाहिला की तो मिळमिळीत वाटतो. शत्रू पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीने चालत राहतात. मूळ खेळात वेग आला कुठून?

तो मुख्यतः यंत्राच्या मर्यादेतून आला. मूळ खेळाचे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी इंटेल ८०८० हा मायक्रोप्रोसेसर वापरला होता. त्याचे घड्याळ सेकंदाला सुमारे २० लाख ठोके देते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने उमटते. म्हणजे एका चित्रापुरते प्रोसेसरच्या हाती सुमारे ३३,००० ठोके येतात. एक शत्रू १६ × ८ ठिपक्यांचा, म्हणजे १६ बाइटचा. एक बाइट वाचणे, पडद्याच्या स्मृतीत लिहिणे, पुढच्या जागी जाणे आणि मोजणी एकाने कमी करणे यांना या प्रोसेसरवर साधारण ४४ ठोके लागतात. आता ५५ × १६ × ४४ हा गुणाकार करून पाहा. उत्तर ३८,७२० येते. तोफ, गोळ्या, ढाली, गुण हे सारे बाजूला ठेवले, तरी नुसते शत्रू काढण्यातच वेळ संपून वर उधारी होते!

यावर उपाय असा: प्रत्येक चित्राच्या वेळी एकच शत्रू हलवायचा. आधी एक, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्यापुढचा. रांगा संपल्या की पुन्हा पहिल्याची पाळी. ५५ शत्रू असताना प्रत्येकाची पाळी ५५ चित्रांनंतर, म्हणजे सुमारे ०.९ सेकंदाने येते. मेलेल्यांना पाळी नसते, त्यामुळे ११ उरले की प्रत्येक जण सेकंदाला साडेपाच पावले टाकतो आणि एकच उरला की ६०.

येथे एका प्रचलित समजुतीबद्दल सांगायला हवे. ‘बिचाऱ्या प्रोसेसरवर फार भार पडे म्हणून खेळ मंद चाले, भार हलका झाला की तो जलद होई,’ असे पुष्कळदा लिहिले जाते. हे ऐकायला छान आहे, पण नेमके नाही. प्रोसेसर खरोखरच दमत असता, तर सुरुवातीला खेळाडूची तोफही रेंगाळली असती. तोफेचा वेग मात्र शेवटपर्यंत तोच राहतो. मंदावते ती फक्त शत्रूंची पाळी. विद्यार्थ्यांना आधी समजूत सांगावी आणि ती खोटी ठरवणारे निरीक्षण त्यांनाच शोधू द्यावे.

आता गणिताकडे वळू. उरलेले शत्रू आणि प्रत्येकाची सेकंदाला पडणारी पावले यांचा गुणाकार नेहमी ६० येतो. हे सरळ सरळ व्यस्त चलन आहे. आलेख काढला तर तो बराच वेळ जवळजवळ सपाट जातो आणि अखेरीस भिंतीसारखा उभा चढतो. पहिला शत्रू मारल्यावर वेग जेमतेम २ टक्क्यांनी वाढतो. दोनांतला एक मारल्यावर तो दुप्पट होतो. नवी आवृत्ती लिहिणारा ‘प्रत्येक शत्रूमागे वेग थोडा वाढवू’ म्हणून सारखी सारखी भर घालतो, तेव्हा आलेख तिरपी सरळ रेषा होतो आणि शेवटचा थरार हरवतो. शिवाय सगळे शत्रू एकदम हलवले, की मूळ पलटणीतून लाटेसारखी सरकत जाणारी हालचालही जाते.

वेग वाढतो हे निशिकादोंच्या लक्षात आले आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. शत्रूंच्या पावलांबरोबर वाजणाऱ्या चार खर्ज स्वरांची लय तर त्यांनी उरलेल्या शत्रूंच्या संख्येनुसार वेगळ्या तक्त्यावरून ठरवली.

आजच्या प्रोसेसरला ५५ आकृत्या म्हणजे काहीच नाही. म्हणून जी गोष्ट पूर्वी पाळीच्या युक्तीतून आपोआप घडे, ती आता मुद्दाम लिहावी लागते. तेही जपून. ‘दर चित्राला एक शत्रू’ ही जुनी आज्ञा तशीच ठेवली आणि पडदा सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा असला, तर खेळ २.४ पट वेगाने धावेल. हिशेब चित्रांचा न ठेवता सेकंदांचा ठेवावा लागतो. (जुन्या पीसीवरचे ‘टर्बो’ बटण काहींना आठवत असेल. जुने खेळ नव्या यंत्रावर अतिवेगाने पळत, म्हणून ते यंत्राचा वेग उतरवण्याच्या कामी येई.) शत्रूंची संख्या बदलली तरी हिशेब बदलतो. १९८० साली घरगुती अटारी २६०० यंत्रासाठी आलेल्या आवृत्तीत, जिथे कामाची स्मृती अवघी १२८ बाइट होती, शत्रू ३६ आहेत. तिथे ६० भागिले संख्या हाच नियम लावला असता, तर खेळ सुरुवातीलाच दीडपट जलद झाला असता.

वर्गात हे संगणकाशिवाय करून पाहता येते. अकरा मुलांना ओळीने उभे करावे. शिक्षकांनी एका लयीत टाळ्या वाजवाव्यात आणि दर टाळीला एकानेच, आपल्या पाळीने, एक पाऊल टाकावे. मग अधूनमधून एकेकाला खाली बसवावे, पण टाळ्यांची लय बदलू देऊ नये. उरलेल्या मुलांनी मिनिटाला किती पावले टाकली हे बाकीच्यांनी मोजून फळ्यावर मांडावे. पाच-सहा मुले उरेपर्यंत फारसे काही जाणवणार नाही. पण दोनांतले एक बसले की वर्ग हसू लागेल, कारण उरलेल्याला आता प्रत्येक टाळीला पाऊल टाकावे लागेल.