हवामानबदल आणि फ्लूचे बदलते विषाणू

पावसाळा सुरू झाला, की घरोघरी ताप, सर्दी व खोकल्याची साथ येते. ‘गेल्या वर्षी फ्लूची लस घेतली होती, मग यंदा पुन्हा कशासाठी?’ असा प्रश्न अनेक ज्येष्ठ भाविकांना पडतो. त्याचे उत्तर विषाणूच्या स्वभावात दडलेले आहे.

हा विषाणू दोन प्रकारे बदलतो. स्वतःची प्रतिकृती तयार करताना त्याच्याकडून लहानलहान चुका होतात व त्याचे बाह्य रूप हळूहळू पालटते; म्हणून लसही दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. ‘ए’ गटातील विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन भिन्न विषाणू शिरले, तर या तुकड्यांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू जन्मास येऊ शकतो. २००९ साली जगभर पसरलेला स्वाइन फ्लू अशाच सरमिसळीतून निर्माण झाला होता.

या विषाणूंचे मूळ आश्रयस्थान म्हणजे रानबदके व अन्य पाणपक्षी. हवामानबदलाचा संबंध येतो तो येथेच. तापमानवाढीमुळे पक्ष्यांच्या स्थलांतराच्या वेळा व वाटा बदलत आहेत. पाणथळ जागा दुष्काळाने आटल्या वा भराव घालून बुजवल्या, की उरलेल्या पाण्यावर नाना जातींचे पक्षी दाटीवाटीने जमतात व पाळीव कोंबड्या-बदकांच्याही निकट येतात. अशा भेटी जितक्या अधिक, तितकी सरमिसळीची संधी अधिक. मात्र उष्ण पाण्यात हा विषाणू लवकर नष्ट होतो, हेही खरे. त्यामुळे तापमानवाढीचा परिणाम सर्वत्र सारखाच होईल, असे म्हणता येत नाही.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि कोंबडीपालन करणाऱ्यांची रोजीरोटी बुडाली.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीचे आरोग्य व गोरगरिबांचे जीवन एकमेकांत गुंतलेले असल्याचे निक्षून सांगितले होते. म्हणून वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी लस घ्यावी. कोंबड्या अचानक मरू लागल्यास त्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. आपल्या परिसरातील तळी व पाणथळ जागा भरावाखाली जाऊ देऊ नयेत. परमेश्वराने सोपविलेल्या सृष्टीची राखण करणे, हे शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचेच पालन होय.