म्हातारे उंदीर आणि ईस्टर बेटावरची माती

उंदीर म्हातारे होत चालले होते आणि औषध अजून तयार नव्हतं. अमेरिकेतल्या तीन संस्था, म्हणजे मेन राज्यातली जॅक्सन प्रयोगशाळा, मिशिगन विद्यापीठ आणि सॅन अँटोनियोतलं टेक्सास विद्यापीठाचं केंद्र, एकाच वेळी एकाच पद्धतीनं चाचणी घेणार होत्या. उंदरांच्या खाण्यात रॅपामायसिन नावाचं औषध मिसळायचं आणि ते जास्त जगतात का, हे मोजायचं. पण खाण्यात मिसळलं की औषध टिकेना. त्यावर आवरण चढवून ते आतड्यापर्यंत शाबूत पोचवण्याची युक्ती सापडेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे झाले होते. माणसाच्या हिशेबात साठीला टेकलेले. आयुष्य वाढवण्याचे प्रयोग तोवर बहुतेक कोवळ्या वयातच सुरू होत. एवढ्या उशिरा औषध देऊन काय हाती लागणार, ही शंका रास्त होती. तरी त्यांनी ते दिलं.

जुलै २००९मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निकाल छापून आला. शंभरातले नव्वद उंदीर मरायला जेवढा काळ लागतो, तो काळ माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी लांबला होता. औषध देऊन सस्तन प्राण्याच्या नर आणि मादी दोघांच्याही आयुष्याची वरची मर्यादा सरकवता येते, याचा हा पहिला भक्कम पुरावा. पुढे मात्रा वाढवून आणि लवकर सुरुवात करून पाहिलं, तेव्हा निम्मे उंदीर मरेपर्यंतचा काळ माद्यांमध्ये २६ आणि नरांमध्ये २३ टक्क्यांपर्यंत वाढला. मला मात्र पहिला प्रयोगच अधिक मोलाचा वाटतो. उतारवयात सुरुवात करूनही म्हातारपणाची गती बदलते, हे कुणी ठरवून शोधलं नव्हतं. औषधाच्या आवरणाला लागलेल्या उशिरामुळे ते कळलं.

या चाचण्यांवर विश्वास का ठेवायचा? एक तर उंदीर एकाच शुद्ध वाणाचे नव्हते, मिश्र रक्ताचे होते. शिवाय काम तीन ठिकाणी स्वतंत्रपणे चालतं, त्यामुळे एका प्रयोगशाळेतला योगायोग दुसरीकडे उघडा पडतो. आणि मुख्य म्हणजे या चाळणीतून फार थोडी औषधं पार पडली आहेत. द्राक्षांतलं रेझव्हेराट्रॉल, ग्रीन टीचा अर्क, आपल्या हळदीतलं कर्क्युमिन यांची तिथं चाचणी झाली आणि एकानंही आयुष्य वाढवलं नाही. बाजारात ‘वयाला रोखणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवरची नावं वाचताना हे जरूर आठवावं.

रॅपामायसिनची कथा सुरू होते ती प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटर दूर असलेल्या या बेटाला तिथले लोक रापा नुई म्हणतात. तिथं विमानतळ होणार असं ठरत होतं. बाहेरचं जग येऊन आदळण्याआधी बेटाची आणि बेटवासीयांची वैद्यकीय नोंद करावी म्हणून कॅनडातून एक तुकडी १९६४च्या अखेरीस तिथं पोचली. तुकडीतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉर्ज नोग्रादी यांना एका गोष्टीचं नवल वाटलं. लोक अनवाणी फिरतात, बेटावर घोडे आहेत, तरी धनुर्वात कसा होत नाही? त्यांनी बेटाचे भाग पाडून जागोजागची माती कुप्यांत भरली. ती पुढे माँट्रियलमधल्या आयर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आली. तिथं एका नमुन्यात ‘स्ट्रेप्टोमायसिस हायग्रोस्कोपिकस’ हा जीवाणू सापडला. तो बुरशीला मारणारं एक रसायन तयार करत होता. रापा नुईवरून त्याचं नाव पडलं रॅपामायसिन. बेटाचं नाव जगभरच्या औषधांच्या दुकानांत पोचलं, पण तिथल्या बेटवासीयांना या कमाईत वाटा मिळाला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

या रसायनावर काम करणारे सुरेन सेहगल हे अखंड हिंदुस्थानात, आजच्या पाकिस्तानातल्या खुशाब इथं जन्मलेले. बनारस हिंदू विद्यापीठातून औषधनिर्माणशास्त्र शिकून, ब्रिस्टलला पीएचडी करून ते कॅनडात गेले. रॅपामायसिन बुरशीला मारत होतं, पण शरीराची प्रतिकारशक्तीही दडपत होतं. बुरशीवरच्या औषधात हा दोषच. कंपनीचा रस आटला. सेहगल यांनी नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवला. तिथं गाठींची वाढ रोखण्याचा गुण दिसला, तरी काम पुढे सरकेना. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलची प्रयोगशाळाच बंद झाली आणि काही कर्मचाऱ्यांना न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला हलवण्यात आलं. जी रसायनं पुढे न्यायची नाहीत ती नष्ट करायची होती. सेहगल यांनी शेवटचा एक मोठा घाणा काढला, जीवाणूच्या कुप्या घरी आणल्या आणि घरच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. घर हलवताना त्या कुप्या थंड राखून सीमेपार नेल्या.

काही वर्षांनी कंपनीची मालकी आणि व्यवस्थापन बदललं, तेव्हा त्यांनी पुन्हा विषय काढला. तोवर अवयवरोपणाचं युग सुरू झालं होतं. प्रतिकारशक्ती दडपणं हा जो दोष होता, तोच आता हवासा गुण ठरला. १९९९मध्ये मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. सिरोलिमस हे त्याचं दुसरं नाव आपल्याकडेही अनेक घरांत ऐकलेलं असेल. अँजिओप्लास्टीत बसवायच्या कितीतरी स्टेंटवर याच औषधाचा किंवा त्याच्या भाऊबंदांचा लेप असतो. स्टेंटभोवती पेशींची वाढ होऊन रक्तवाहिनी पुन्हा बुजू नये, एवढंच त्याचं तिथलं काम.

१९९८मध्ये सेहगल यांना शरीरात पसरलेला कर्करोग असल्याचं निदान झालं. त्यांनी स्वतः रॅपामायसिन घ्यायला सुरुवात केली आणि डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त काळ ते जगले. एका माणसाच्या अनुभवाला पुरावा म्हणता येत नाही, हे शास्त्रज्ञ म्हणून त्यांना इतर कुणाहूनही चांगलं ठाऊक असणार. जानेवारी २००३मध्ये ते गेले. उंदरांचा निकाल यायला अजून सहा वर्षं होती.

बुरशीची, गाठींची, रक्तवाहिनीतल्या पेशींची वाढ थांबवणारं रसायन म्हातारपणाच्या आड कसं येतं? उत्तराचं पहिलं टोक स्वित्झर्लंडमधल्या बाझलला सापडलं. १९९१मध्ये मायकेल हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये पाहिलं की रॅपामायसिन ज्याच्यावर जाऊन बसतं, ते पेशीच्या वाढीचं नियंत्रण करणारं प्रथिन आहे. त्याला त्यांनी टॉर म्हटलं. पुढे तेच सस्तन प्राण्यांतही मिळालं, आणि त्याला एम-टॉर म्हणू लागले. बांधकामावरचा मुकादम जसा साहित्य किती आलंय हे पाहून काम काढतो, तसं हे प्रथिन पेशीत ॲमिनो आम्लं, इन्शुलिन, ऊर्जा किती आहे याचा अंदाज घेतं. साहित्य भरपूर असेल तर नवी प्रथिनं बांधा, पेशी वाढवा, असा हुकूम सुटतो. तुटवडा असेल तर नवं काम थांबतं आणि पेशी आपल्याच आतली जुनी, बिघडलेली प्रथिनं मोडून त्यांचा माल वापरू लागते. पेशीच्या या स्वच्छतेची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६चं नोबेल मिळालं.

रॅपामायसिन एम-टॉरला आवरतं. पोटात अन्न असूनही पेशीला तुटवड्याची चाहूल लागते. इथं एक जुना धागा जुळतो. १९३५मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदीरवर्गातल्या प्राण्यांना पोषक पण कमी आहार दिला, तर ते जास्त जगतात असं दाखवलं होतं. का जगतात, हे पुढची कित्येक दशकं नीट समजलं नव्हतं. माकडांवरच्या दोन दीर्घ अभ्यासांत मात्र आयुष्याच्या लांबीबाबत निकाल वेगवेगळे आले. म्हणजे माणसाला हाच नियम सरळ लावता येत नाही.

म्हातारपण म्हणजे झीज, असं आपण धरून चालतो. झीज खरीच आहे. पण एम-टॉरकडे पाहिल्यावर दुसरी बाजू दिसते. बाळाला, वाढत्या मुलाला, जखम भरून काढणाऱ्या तरुण शरीराला वाढीचा जो हुकूम जीवनदायी असतो, तोच वाढ पूर्ण झाल्यावरही सुटत राहतो. रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, प्रोस्टेट वाढतो, पेशींची साफसफाई मागे पडते. निसर्गानं हे थांबवलं का नाही? पीटर मेडावर यांनी १९५२मध्ये आणि जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७मध्ये याचं उत्तर मांडलं. मुलं होऊन गेल्यावर काय बिघडतं, याकडे निसर्गाच्या निवडीचं लक्ष फारसं पोचत नाही. तारुण्यात फायदा देणारं जनुक म्हातारपणी घात करत असलं, तरी ते पिढ्यान् पिढ्या टिकून राहतं. मला ही मांडणी पटते, कारण तिच्यामुळे म्हातारपण हे बाहेरून आलेलं संकट राहत नाही. आपल्या वाढीतच त्याचं बीज दिसतं.

हे संशोधन श्रीमंतांच्या अमरत्वाच्या हौसेपुरतं नाही, हे एका गणितावरून कळतं. लंडनचे विमातज्ज्ञ बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५मध्ये दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूचा धोका ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो. आजच्या आकड्यांत दर आठेक वर्षांनी. म्हणून सगळे कर्करोग उद्या नाहीसे झाले तरी अमेरिकेसारख्या देशात सरासरी आयुर्मानात जेमतेम तीन वर्षांची भर पडेल, असा अंदाज आहे. जो कर्करोगातून वाचला, त्याला हृदयविकार किंवा पक्षाघात गाठतोच. भारताचं सरासरी आयुर्मान १९७०–७५मध्ये ४९.७ वर्षं होतं, ते आता ७०च्या आसपास आहे. यातला मोठा वाटा बाळं वाचण्याचा. पुढची लढाई ऐंशीच्या घरातल्या, एकाच वेळी चार-पाच आजार बाळगणाऱ्या शरीराची आहे. सहस्रचंद्रदर्शनाच्या पाटावर बसणारं माणूस स्वतःच्या पायांनी पाटापर्यंत चालत आलं, तर त्या वाढलेल्या वर्षांना अर्थ.

माणसातला पुरावा मात्र अजून तोकडा आहे. २०१४मध्ये जोन मॅनिक आणि सहकाऱ्यांनी पासष्टीपुढच्या लोकांना रॅपामायसिनच्या जातकुळीतलं एव्हरोलिमस थोड्या मात्रेत सहा आठवडे दिलं, मग फ्लूची लस टोचली. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधानं लसीला मिळणारा प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी वाढवला. पण २०१९मध्ये एम-टॉरलाच रोखणाऱ्या दुसऱ्या एका औषधाची वृद्धांवरची मोठी चाचणी अपयशी ठरली. श्वसनाचे आजार कमी झाले नाहीत. रॅपामायसिन घेणाऱ्या रुग्णांत तोंड येणं, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढणं, जखमा उशिरा भरणं हे त्रास दिसतात. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या देशात यातला साखरेचा मुद्दा फार गंभीर आहे. परदेशात काही धडधाकट लोक हे औषध स्वतःच्या जबाबदारीवर घेतात. तसं कुणी करू नये, असंच मी म्हणेन.

पण त्याहून अधिक खटकतं ते हे की नीट चाचणीच होत नाही. नियामक संस्थांच्या लेखी म्हातारपण हा आजार नाही, त्यामुळे त्यावरच्या औषधाला परवानगी मागायची कशी, हाच प्रश्न. मूळ पेटंट संपलेल्या औषधावर कंपनीनं पैसा का घालावा? आणि माणूस इतका जगतो की निकालाची वाट पाहता पाहता संशोधकच निवृत्त होतील. अशा कामाला सरकारी पैसाच लागतो.

म्हणून अमेरिकेत सध्या घरगुती कुत्र्यांवर लक्ष आहे. कुत्रा माणसाच्याच घरात राहतो, त्याच हवेत श्वास घेतो, त्याला माणसासारखेच आजार होतात, आणि तो पाच-सातपट वेगानं म्हातारा होतो. तिथल्या ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’मध्ये सात वर्षांपुढचे, मोठ्या चणीचे ५८० कुत्रे घ्यायचं ठरलं. निम्म्यांना आठवड्यातून एकदा रॅपामायसिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, वर्षभर; त्यानंतर आणखी दोन वर्षं निरीक्षण. कुणाला काय मिळतंय हे मालकालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या पशुवैद्यालाही नाही. आयुष्याच्या लांबीबरोबर हृदयाचं काम आणि रोजची हालचालही मोजली जाते. निकाल आला की मी आधी हे दुसरे आकडे पाहीन.